प्रति: ‘सत्यघटना’ म्हणजे सगळं खरं?
गुन्हेकथेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘सत्यघटना’ छापलंय म्हणजे आतलं सगळं खरं, असं इथे कुणीतरी म्हटलंय; ते मत मला पटत नाही. आधी शेवटची पानं उघडा: टिपा, मुलाखतींचे तपशील, खटल्याची कागदपत्रं दिली आहेत का? खून झालेल्या माणसाच्या मनातले शेवटचे विचार शब्दशः दिले असतील, तर ते लेखकाने रचलेले आहेत. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीच्या १९६६ च्या ‘इन कोल्ड ब्लड’ या खऱ्या खुनांवरच्या पुस्तकातला दफनभूमीतला शेवटचा प्रसंगसुद्धा घडलेला नव्हता. (पुस्तक तरीही जरूर वाचा, गद्य अफाट आहे.)

रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या (व्हॅम्पायर) प्रेमकथांचं दुखणं वेगळं: तिथे सगळं कल्पितच असतं, पण कथा स्वतःचेच नियम मोडते. उन्हात नायक जळतो असं पहिल्या प्रकरणात सांगायचं आणि लग्नाच्या वेळी उन्हापासून वाचवणारी जादूची अंगठी घालून तो नियमच गुंडाळायचा! धोका गेला की नायिकेच्या निवडीलाही किंमत राहत नाही.