पान उलटणे पुरेसे नाही
‘व्यंगचित्र पटत नसेल तर पान उलटावे’ असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अपुरा वाटतो. ३० सप्टेंबर २००५ रोजी डेन्मार्कच्या ‘युलंड्स-पोस्टेन’ या दैनिकाने छापलेल्या १२ व्यंगचित्रांपैकी एकात पैगंबरांच्या फेट्यात पेटत्या वातीचा बॉम्ब होता. ती टीका दहशतवाद्यांपुरती न राहता, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या सश्रद्ध माणसाच्या श्रद्धास्थानावर गेली, आणि तो दुखावला यात मला नवल वाटत नाही. धर्माच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्यांवर कुंचला जरूर चालावा. तो तर व्यंगचित्रकाराचा हक्कच आहे. दुखावलेल्यानेही लिहावे, निषेध करावा, न्यायालयात जावे. मात्र ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये पैगंबरांची व्यंगचित्रे छापणाऱ्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकावरील हल्ल्यात १२ जणांचा जीव घेतला गेला, त्याचे समर्थन कोणत्याही दुखावलेल्या भावनेच्या आडून करता येणार नाही.