मदत हवी आहे: कंबर तलावाजवळची जुनी कॉलनी हेरिटेज परिसर कशी होते?

तळ्याकाठचा
सोलापुरात विजापूर रोडला तलावाच्या बाजूला आमची सोसायटी. साठच्या दशकातले बैठे बंगले, सगळे एकाच धाटणीचे. सपाट छत, लांब आरसीसी छज्जे, पश्चिमेला सिमेंटच्या जाळ्या, आत शहाबादी. मे महिन्यातही हॉलमध्ये पंख्यावर भागतं. कोपऱ्यावरचा बंगला नुकताच पाडला, तिथे पार्किंग आणि वर सात मजले म्हणे. बाकीचे वाचवायचे तर अख्खा परिसर हेरिटेज करून घ्यायचाय. अर्ज कुठे, कोणता फॉर्म, किती दिवस लागतात? ‘वकील गाठा’ एवढंच लिहू नका प्लीज.

नवीपेठकर
बंगले किती? टेनंट ओनरशिप सोसायटी (जमीन सोसायटीची, घर सभासदाचं) आहे की प्लॉट ज्याचा त्याच्या नावावर? मंजूर नकाशे आहेत का?

तळ्याकाठचा
मालकीचा काय संबंध? वास्तू चांगली आहे की नाही हा मुद्दा आहे.

कडकभाकरी
साठ वर्षांच्या घराला हेरिटेज? शंभर वर्षं लागतात बे. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीला हेरिटेज म्हणतात, तुमच्या स्लॅबला नाही.

विटा_चुना
शंभर वर्षांची अट केंद्राच्या 1958 च्या पुरातत्त्व कायद्यातली, संरक्षित स्मारकांसाठी. इथे तो कायदा लागूच होत नाही. शहरातली हेरिटेज यादी विकास नियंत्रण नियमावलीखाली होते. मुंबईत असे नियम 1995 ला आले, आपल्याकडे 2020 ची एकत्रित नियमावली आहे. यादीत सुट्या इमारतींबरोबर परिसरही घेता येतो. फॉर्म भरला आणि दाखला मिळाला असं ते काम नाही. आयुक्त, हेरिटेज समिती, मग हरकती-सूचना. पहिली हरकत तुमच्या शेजाऱ्याचीच येणार, म्हणून वर नवीपेठकरांनी मालकी विचारली.

आणि वय कमी असलं की काय होतं तेही बघा. दिल्लीत प्रगती मैदानावरचं वास्तुविशारद राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शन दालन, 1972 चं. साठ वर्षं झाली नाहीत म्हणून तिथल्या समितीने विचारात घेतलं नाही आणि एप्रिल 2017 मध्ये पाडलं. उलट चंदीगडचं सरकारी इमारतींचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक वारसा झालं. काँक्रीट दोन्हीकडे होतं.

पुणेरी_पाहुणा
फ्रान्समधलं ल हाव्र वाचा. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात गाव सपाट झालं, वास्तुविशारद ऑग्युस्त पेरेच्या हाताखाली काँक्रीटमध्ये नवं उभं केलं, 2005 ला युनेस्कोच्या यादीत. समुद्रकाठचं आहे, तुमचं तळ्याकाठचं :)

कडकभाकरी
तिकडे सरकारनं बांधलं. इथं म्हातारा-म्हातारी दोघंच, पोरं पुण्यात. बिल्डर फ्लॅट देतोय, वर पैसे देतोय. हेरिटेज केलं की घराचं गिऱ्हाईक गेलं.

विटा_चुना
हेरिटेज यादीतल्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात सौम्य श्रेणीत घेतलं तर आतले बदल अडत नाहीत. परिसरात मुख्यतः उंची, दर्शनी बाजू आणि रस्त्यावरून काय दिसतं एवढं बघतात. न वापरता आलेल्या बांधकामाचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्कही मागता येतो.

कडकभाकरी
सोलापुरात टीडीआर घेतो कोण? कागद फ्रेम करून लावायचा का?

विटा_चुना
हे मात्र खरं. मुंबईसारखा भाव इथे नाही.

शहाबादी_आजोबा
छत गळतं का? जुनी स्लॅब असली की ब्रिक बॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) परत घालावा लागतो. वॉटरप्रूफिंगच्या रंगाला भुलू नका. आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो, संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं की गार.

तळ्याकाठचा
छताचं विचारलेलंच नाही, आजोबा. रविवारी सोसायटीची सभा आहे. त्याआधी काय करू ते कुणीतरी सांगा.

नवीपेठकर
सभा आहे हे आत्ता सांगताय? विषयपत्रिकेत काय आहे?

तळ्याकाठचा
पुनर्विकासाला संमती. बऱ्याच जणांनी सह्या केल्यात. आमचं घर आजोबांच्या नावावर आहे अजून, वारसनोंद राहिलीय.

नवीपेठकर
मग मालकीचा संबंध काय ते कळलं असेल. रविवारी तुम्ही सभासद म्हणून मत कसं देणार? उद्या नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा आणि वारसनोंदीचा अर्ज टाका. सोसायटीत नामनिर्देशन कुणाच्या नावे आहे तेही बघा.

विटा_चुना
महापालिका झाली 1 मे 1964 ला. तुमचे नकाशे त्याआधीचे असतील तर नगरपालिकेच्या काळातल्या दप्तरात शोधायला सांगा. नकाशावर आराखडा करणाऱ्याची सही मिळाली तर निम्मं काम झालं, कारण ‘सुंदर आहे’ यावर समिती हलत नाही. कुणी केलं, कोणत्या साली, मूळ किती शिल्लक, हे लागतं. प्रत्येक घराचा समोरून एक फोटो, जाळी-छज्जाचा एक. मुंबईची आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची वस्ती 2018 ला जागतिक वारसा झाली, त्यामागे रहिवाशांच्या संघटनांचा रेटा होता. तुमच्याकडे सह्या न केलेले किती?

तळ्याकाठचा
चारपाच घरं. त्यात आमचं धरून.

विटा_चुना
मग रविवारी हेरिटेजचं नाव काढू नका, लोक बिथरतील. ठराव पुढच्या सभेपर्यंत ढकला, बिल्डरच्या प्रस्तावाची लेखी प्रत मागा. आणि चारपाच घरांचा परिसर कुणी मानणार नाही. ती घरं एका ओळीत आहेत की विखुरलेली?

कडकभाकरी
प्रत मागितली की बिल्डरच सुधारित ऑफर घेऊन येतो बघा. स्वानुभव.

सोलापुरी_लेक
विषय सोडून विचारते, तलावावर हल्ली पक्षी बघायला सकाळी किती वाजता जावं?