लहानातून मोठं जात नाही, मग पोरीने काय करायचं?

तापीकाठचा मास्तर:
चोपड्याकडे एका झेडपी शाळेत चौथीला शिकवतो. काल फळ्यावर 403 − 178 दिलं. एका पोरीने 375 आणलं. कसं गं? तर म्हणे, "सर, तीनातून आठ जात नाही, म्हणून आठातून तीन घालवले. शून्यातून सात जात नाही, म्हणून सातातून शून्य." 'लहानातून मोठी संख्या जात नाही' हे मीच वर्षभर घोकून घेतलंय. तिने इमानदारीने पाळलं.

रात्रभर तेच डोक्यात. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांच्या विचाराचं गणितीकरण, म्हणजे पोरांनी स्वतः गणिती विचार करणं, आलं, 2015 नंतर ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे पोरं आपलं ज्ञान स्वतः घडवतात या विचाराच्या, लाटेत आपण वर्गाच्या फरश्यांवर अंक रंगवले. पण मनातून मला गणित म्हणजे तयार नियमांचं गाठोडंच वाटत असेल, तर रंगवलेल्या फरशीवर उभा राहूनही मी गाठोडंच वाटणार. गणितशिक्षणाचा अभ्यासक रिचर्ड स्केम्पने 1976 सालीच सांगितलंय, नियम चालवता येणं वेगळं आणि तो का चालतो हे कळणं वेगळं. माझं मत सरळ आहे: चौथीपर्यंत पाठांतर बंद. आधी काड्या न् गठ्ठे.

निवृत्त गुरुजी, पारोळा:
बंद? काय भो! सव्वा सात रुपयांची वस्तू आठ घेतली तर पोरगं मोबाईल काढतं. आम्ही पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठे झालो. साताला औटकी, म्हणजे साडेतीनपट, लाव म्हटलं की साडेचोवीस तोंडातून आधी पडायचे, डोकं मागून यायचं. सहावीत लसावि काढताना सात आठे किती यावरच अडलेलं पोर अपूर्णांक काय समजून घेणार? तुझ्या पोरीची चूक पाठांतराची नाही. अर्धवट पाठांतराची आहे. 'जात नाही' एवढं सांगितलंस, 'मग शेजारून हातचा घे' हे तिच्यात मुरलं नाही.

तापीकाठचा मास्तर:
गुरुजी, शेजारी शून्य आहे. हातचा घ्यायचा कोणाकडून? 'शंभराचा गठ्ठा सोड, दहा दशक होतील, त्यातला एक दशक सोड' हे हातांनी केल्याशिवाय तिला कसं मुरेल?

सावद्याचा केळीवाला:
मी बाप म्हणून बोलतो. शिष्यवृत्तीच्या पेपरात काड्या देत नाहीत. नवोदयला वेळ मोजून असते. तुमचं तत्त्वज्ञान वर्गात ठेवा, माझ्या पोराला पटकन उत्तर आलं पाहिजे.
आता उलटही सांगतो. सहा बाय पाच फुटांवर एकरी किती खोडं बसतात, हे पोराला विचारलं. एकराचे 43,560 चौरस फूट पाठ होते, भागाकार येतो, तरी गप्प. तीसने भागायचं हेच सुचलं नाही. 1452 सांगितले सालदाराने, तोही शाळा न शिकलेला. त्यामुळे मास्तर, तुमचंही थोडं खरं आहे. पण वेग पाहिजेच.

धडगावची बाई:
तुम्ही सगळे मराठी पोरांचं बोलताय. माझ्या वर्गातली पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. त्यांना 'एकोणपन्नास' म्हणजे 49 हे गणित नाही, कोडं आहे. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं साधं होतं: 25 लिहिताना आधी 2, बोलताना आधी पाच, पोरं उलटं लिहितात. जुनी नावंही पुस्तकात होतीच. हसणाऱ्यांनी माझ्या वर्गात एक दिवस काढायला हवा होता. 'पन्नास तीन' म्हटलं की पोर 53 बरोबर लिहितं. 'त्रेपन्न' म्हटलं की 35.

निवृत्त गुरुजी, पारोळा:
बाई, मीही हसलो होतो तेव्हा. पण बाजारात 'वीस एक' म्हणाल तर लोक पुन्हा हसतील.

धडगावची बाई:
हसू द्या. तिसरीत 'एकवीस' शिकवतेच मी. आधी आकडा कळू दे, मग नाव.

चाळीसगावकर:
आमच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, 1207 च्या सुमाराचा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हा प्रश्न खानदेशात आठशे वर्षं चाललाय, तुम्ही काल सुरू केलेला नाही.
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त नियम श्लोकात आहेत, पाठ करायलाच. पण लगेच गणित येतं: नऊ हात उंच खांबावर मोर, सत्तावीस हातांवरून साप खांबाच्या बुंध्यातल्या बिळाकडे येतोय, दोघांचा वेग सारखा, मोर झेप घेतो, गाठ बिळापासून किती हातांवर? (बारा. करून बघा.) काटकोन त्रिकोणाचा श्लोक कितीही पाठ असू दे, तो इथे लावायचा हे डोळ्यांपुढे साप आल्याशिवाय सुचत नाही. सावदेवाल्यांच्या पोराचंही तेच झालं.

सावद्याचा केळीवाला:
साप-मोर नवोदयला येत नाहीत हो.

निवृत्त गुरुजी, पारोळा:
मास्तर, पाढे बंद करू देणार नाही, हे लिहून ठेव. पण हातच्याचं तुझं पटलं. चाळीस वर्षं 'शेजारून घे' म्हणालो, शेजारी शून्य असलं तर पोरं काय करत होती, कधी विचारलंच नाही. वही तपासून लाल फुली मारायचो. पऱ्हाटीच्या काड्या आहेत घरी, दहाचे गठ्ठे बांधून शनिवारी आणतो. आधी 403 नको, 100 − 1 विचार त्या पोरीला.