रेल्वेनं आयल ऑफ वाइटला जायचंय: हॉवरक्राफ्ट की फेरी?

हॅरोकर

आई-बाबा महिनाभर आमच्याकडे आलेत. बाबा माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. राजवाडे, म्युझियमं वगैरे त्यांनी सभ्यपणे पाहिली, पण खरा जीव रुळांत. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आयल ऑफ वाइट बेटावर लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे अजून धावतात आणि ते समुद्रात बांधलेल्या धक्क्यावरून सुटतात, असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून रोज विचारतायत, कधी जायचं.

गाडी न्यायची नाही. लंडनच्या वॉटर्लूहून पोर्ट्समथपर्यंत रेल्वे, साधारण पावणेदोन तास. पुढे दोन रस्ते. एक, शेवटच्या पोर्ट्समथ हार्बर स्टेशनात उतरायचं, तिथेच लागलेली कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) फेरी घ्यायची, २२ मिनिटांत बेटावरच्या राइड गावाच्या पियरचं, म्हणजे त्याच समुद्रातल्या धक्क्याचं टोक. दुसरा, एक स्टेशन अलीकडे, पोर्ट्समथ अँड साउथसीला उतरायचं, बसनं साउथसीच्या किनाऱ्यावर जायचं आणि हवेच्या उशीवर सरकणाऱ्या हॉवरक्राफ्टनं १० मिनिटांत राइड.

अडचण आईची. गुडघे दुखतात आणि बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानासुद्धा ती ओव्याची पुडी मुठीत धरून बसायची. बायको म्हणते हॉवरक्राफ्टच, दहा मिनिटांचा तर त्रास. मला वाटतं फेरी बरी. घरात मतं दोन-दोन झालीत, म्हणून इथे विचारतोय.

धक्क्यावरचा

फेरी. यात विचार करण्यासारखं काय आहे?

१० आणि २२ हे आकडे जाहिरातीतले. घरापासूनचे आकडे मांडा. पोर्ट्समथ हार्बर स्टेशन पाण्यात खांब ठोकून त्यावर उभं केलंय, फलाटाच्या फटीतून खाली समुद्र दिसतो. गाडीतून उतरलं की चार पावलांवर बोट. बोट लागते राइड पियर हेडला, तिथे परत चार पावलांवर आगगाडी. एकही बस नाही, रस्ता ओलांडणं नाही, पाऊस आला तर धावपळ नाही.

हॉवरक्राफ्टला काय? स्टेशनबाहेर या, बस शोधा, ट्रॅफिकमधून साउथसीला जा, तिथे परत रांग. वाचलेली बारा मिनिटं बसथांब्यावरच खर्च होतात. वर गुडघे दुखणाऱ्या बाईला एक चढ-उतार जास्तीचा.

पंखापुराण

धक्क्यावरचा यांना एकच प्रश्न, तुम्ही हॉवरक्राफ्टमध्ये बसलायत का? की वेळापत्रकच वाचलंय?

हॅरोकर, तुमचे वडील वर्कशॉपमधले आहेत म्हणता. मग त्यांना हे सांगा. हॉवरक्राफ्ट या बेटावरच जन्मलं. ख्रिस्तोफर कॉकरेलनं कॉफीचा डबा, त्यात मांजराच्या खाण्याचा डबा आणि हवा फुंकायचं यंत्र एवढ्यावर कल्पना तपासून पाहिली, आणि पहिलं मोठं यान, एसआर-एन१, पूर्व काउजच्या सॉन्डर्स-रो कारखान्यात बांधलं गेलं. २५ जुलै १९५९ ला ते कॅलेहून डोव्हरला आलं. फ्रेंच वैमानिक ब्लेरियोनं विमानानं इंग्लिश खाडी ओलांडली त्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली होती. आणि कॉकरेल स्वतः त्यात वजन सावरायला म्हणून बसला होता! ज्यानं शोध लावला तोच वाळूच्या पोत्याचं काम करतोय.

पुढे इंग्लिश खाडीत मोटारी भरून नेणारी अजस्र हॉवरक्राफ्ट १९६८ पासून चालली. १९९४ ला खाडीखालचा रेल्वे बोगदा उघडला, १९९९ ला ड्यूटी-फ्रीची विक्री गेली, आणि १ ऑक्टोबर २००० ला शेवटची फेरी झाली. राइडची सेवा मात्र १९६५ पासून सुरू आहे. उभ्या ब्रिटनमध्ये तिकीट काढून रोज बसता येईल असं हे एकच हॉवरक्राफ्ट उरलंय. फेरीबोटी काय, मांडव्यालाही आहेत.

धक्क्यावरचा

बसलोय, दोनदा. म्हणूनच सांगतो. काचांवर खारं पाणी इतकं उडतं की बाहेर दुधी अंधार. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. दहा मिनिटं पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.

कॅटमरानवर वरच्या उघड्या डेकवर बसता येतं. बंदरातून निघताना एचएमएस वॉरियर हे जुनं युद्धजहाज, स्पिनेकर टॉवर हा उंच मनोरा, नशीब असेल तर नौदलाची विमानवाहू नौका, मग गोल बुरूज, आणि पुढे समुद्रात मधोमध उभे केलेले दगडी किल्ले. कोकणातल्या माणसाला पाण्यातला किल्ला दिसला की तो उठून उभाच राहतो. हे सगळं काचेच्या मागे खारवून टाकायचं?

ओहोटीचा_माणूस

मी अलिबागकडचा, सध्या साउथॅम्प्टनला असतो. दोघांनी भरती-ओहोटी सोडून सगळं सांगितलं.

राइडचा किनारा अगदी उथळ. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की वाळूच वाळू दिसते, अर्धा मैल चालत जा. पूर्वी होडीतून उतरलेले लोक चिखलातून किनाऱ्यापर्यंत यायचे. म्हणून १८१४ मध्ये तो लांबलचक पियर बांधला, पुढे वाढवून जवळपास अर्धा मैल केला, बोटींना पाणी मिळेल तिथपर्यंत. रेवसला ओहोटीला लाँच गाळात बसते तेव्हा आपण काय करतो? भरतीची वाट बघत बसतो, आणि मुंबईला फोन करून सांगतो की जेवून घ्या. इथे त्यांनी धक्काच पाण्यापर्यंत नेला.

हॉवरक्राफ्टला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या खाली रबरी कापडाचा घेर असतो, त्यात पंख्यानं हवा कोंबतात, आणि त्या हवेच्या उशीवर ते पाण्यावरून, चिखलावरून, वाळूवरून सारखंच सरकतं. म्हणून ते पियरच्या टोकाला न थांबता सरळ गावाला लागून थांबतं, राइड एस्प्लनेड स्टेशनाशेजारी.

पण त्याचा शत्रू वारा आणि लाट. हवेच्या उशीवर बसलेली वस्तू उंच लाटेला कशी पुरणार? हिवाळ्यात वाऱ्याच्या दिवशी ते बंद असतं आणि कॅटमरान तेव्हाही चालू असते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. अर्थात तिलाही मर्यादा आहेच. पावसाळ्याचे तीन महिने गेटवे-मांडवा बंद असण्याची सवय असलेल्या आपल्याला हे काही नवीन नाही.

शास्त्रीबुवा

मार्च १९७२ मध्ये साउथसीजवळच एक हॉवरक्राफ्ट वाऱ्यात उलटलं होतं. पाच माणसं गेली. एवढंच सांगून थांबतो.

पंखापुराण

थांबू नका, पुढचंही सांगा. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. तेव्हाचं यान वेगळं, आताचं वेगळं. आणि वारा असला की बंद ठेवतात असं वर ओहोटीचा_माणूस सांगतायत, ते कशासाठी? तुम्ही म्हणाल बंद ठेवतात म्हणून बेभरवशाचं, आणि चालू ठेवलं तर म्हणाल धोक्याचं. मग त्यानं करायचं काय?

आपलं तटरक्षक दलसुद्धा याच सोलंटच्या (पोर्ट्समथ आणि बेट यांच्यामधल्या समुद्राच्या) काठी विकसित झालेल्या ग्रिफन बनावटीची हॉवरक्राफ्ट वापरतं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी सहा यानं बांधायचं काम संरक्षण मंत्रालयानं गोव्याच्या चौगुले कंपनीला दिलंय. कच्छच्या चिखलात कॅटमरान नेऊन दाखवा.

धक्क्यावरचा

हॅरोकरांची आई कच्छच्या चिखलात चाललेली नाही. त्या रुळाच्या दुसऱ्या टोकाला, शँकलिनला चाललीय.

सातारकर_लिमिंग्टन

तिसरा पर्याय कुणीच सांगितला नाही. ब्रॉकनहर्स्टला गाडी बदलायची, छोटी गाडी लिमिंग्टन पियरला जाते, स्टेशनाच्या तोंडाशीच फेरी. ४० मिनिटांत यारमथ. मोठी गाड्या नेणारी बोट, सावकाश जाते, आत चहा मिळतो, पोटातलं पाणी हलत नाही. नीडल्सचे सुळके त्याच बाजूला.

हॅरोकर

नीडल्स आईला आवडतील, पण बाबांचे डबे राइडच्या बाजूला. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

रुळावरची_पोर

हॅरोकर, बाबांसाठी थोडं. त्या मार्गावर राइडच्या पोटात एक बोगदा आहे. पाणी साचायचं म्हणून साठच्या दशकात त्याची जमीन उचलली, त्यामुळे नेहमीच्या उंचीचे डबे आत मावेनात. म्हणून वाफेची इंजिनं १९६६ च्या अखेरीस बंद करून १९६७ पासून तिथे लंडनच्या भुयारी रेल्वेचे बुटके डबे आणले. १९३८ च्या धाटणीचे डबे तर २०२१ च्या जानेवारीपर्यंत धावत होते! आता लंडनच्याच डिस्ट्रिक्ट लाइनचे डबे दुरुस्त करून लावलेत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून. एकूण साडेआठ मैल, शँकलिनपर्यंत.

आता मुद्दा. हॉवरक्राफ्टनं गेलात तर एस्प्लनेडला उतरणार आणि पियरवरचा रूळच हुकणार. समुद्रावरून जाणारा तो तुकडा पाहायला बाबा येतायत ना?

मीनलची_आई

माझे दोन्ही गुडघे बदललेत म्हणून बोलते, बाकी यंत्राचं मला कळत नाही. फेरीला चार पावलं म्हणतात, पण ती चार पावलं कशी ते भरतीवर असतं. बोट तरंगत्या धक्क्याला लागते, आणि ओहोटीला तिथला उतार असा होतो की रेलिंग सोडवत नाही. त्यामुळे आदल्या रात्री भरतीची वेळ बघा, वारा नंतर. मदत लागणार असेल तर दोन्हीकडे आधी कळवून ठेवा.

बोट लागण्याचं म्हणाल तर दोन्हींची तऱ्हा निराळी. बोट झुलते. हॉवरक्राफ्ट झुलत नाही, खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखं गचके देतं. ज्याला बोट लागते त्याला एसटी लागतेच असं नाही. तुमच्या आईंना घाटात गाडी लागते का ते विचारा, तेच उत्तर.

हॅरोकर

विचारलं. म्हणाली, "खंबाटकीत कधी नाही, पण मागच्या सीटवर बसले तर सांगता येत नाही."

पंखापुराण

मग हॉवरक्राफ्ट. पुढची सीट धरा.

ओहोटीचा_माणूस

तिकिटाचं लक्षात ठेवा. रेल्वेचं तिकीट थेट बेटावरच्या स्टेशनापर्यंत मिळतं, समुद्राचा तुकडा त्यातच धरून. पण ते कुठल्या मार्गाचं आहे ते तिकिटावर वाचा. फेरीचं तिकीट हातात घेऊन हॉवरक्राफ्टच्या दारात उभं राहिलेलं एक कुटुंब मी पाहिलंय. भांडण इंग्रजीत सुरू झालं आणि गुजरातीत संपलं.

हॅरोकर

जाऊन आलो. काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर पंखापुराण आणि धक्क्यावरचा जन्मभर भांडतील.

फेरीचीच तिकिटं काढली होती, जाऊन-येऊन. वारा मंद, भरती चांगली. बाबा वरच्या डेकवर, समुद्रातला किल्ला आला तेव्हा खरोखर उठून उभे राहिले. धक्क्यावरचा, एक मार्क तुम्हाला. आईनं ओव्याची पुडी उघडलीच नाही. समोर एक बाई लोकर विणत होती, तिच्याशी हातवाऱ्यांनी टाके मोजत बावीस मिनिटं गेली.

पियर हेडला गाडी उभी होती. बाबांनी चढण्याआधी डब्याच्या अंगावर हात फिरवला, वाकून बोगी बघितली आणि म्हणाले, "पत्रा अॅल्युमिनियमचा आहे, म्हणून टिकलाय." मग खिडकीला नाक लावून बसले. पियरवरचा तो तुकडा दोनच मिनिटांचा, पण परत येताना त्यांना तो पुन्हा हवाच होता.

शँकलिन झालं, आईस्क्रीम झालं, संध्याकाळी एस्प्लनेडला उतरलो, जरा पाय मोकळे करायला. तेवढ्यात ते हॉवरक्राफ्ट आलं. समुद्रातून आलं आणि थांबलंच नाही, तसंच जमिनीवर चढलं, मग फुस्स करून खाली बसलं. आई काही बोलेना. पुढचं येईपर्यंत आम्ही अर्धा तास तिथेच. दुसरं आलं, तेव्हा म्हणाली, "मी ह्यातून जाणार." म्हटलं, तिकीट वेगळं काढावं लागेल. म्हणाली, "माझ्या पर्समध्ये पैसे आहेत."

बाबा पियर सोडायला तयार नव्हते. मग वाटणी झाली. आई आणि बायको हॉवरक्राफ्टनं, मी आणि बाबा फेरीनं, भेटायचं पोर्ट्समथ अँड साउथसी स्टेशनात. आम्ही पोचलो तेव्हा त्या दोघी बाकावर बसलेल्या.

पंखापुराण

संपला वाद!

धक्क्यावरचा

थांबा. किती आधी पोचल्या, आणि निघाल्या किती आधी?

हॅरोकर

पोचल्या वीस मिनिटं आधी. निघाल्या पंचवीस मिनिटं आधी, कारण आमची कॅटमरान तासाला एक, त्यांचं अर्ध्या तासाला.

धक्क्यावरचा

म्हणजे प्रवास आमचाच पाच मिनिटं कमी.

पंखापुराण

म्हणजे तुम्ही पंचवीस मिनिटं धक्क्यावर उभे होतात, ते धरायचं नाही?

रुळावरची_पोर

बाबा पियरवर उभे होते, म्हणजे ती पंचवीस मिनिटं जमेच्या बाजूला.

मीनलची_आई

ते राहू दे. आईंना लागली का?

हॅरोकर

आईला नाही. ती पुढच्या सीटवर होती. बायकोला लागली. ओव्याची पुडी तिनंच संपवली.