बोरिंगच्या पाण्यातलं शिसं-कॅडमियम : कुठला इलेक्ट्रोड घ्यावा? (इंदूर, बजेट ६ हजार)

शेव_जास्त_घाला: पोटेन्शियोस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आणि तीन इलेक्ट्रोडचा सेल आहे. धातू आधी इलेक्ट्रोडवर जमवायचा, मग उतरवताना येणारा प्रवाह मोजायचा. वस्तीतल्या बोरिंगांचं पाणी तपासायचंय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची (आयएस १०५००:२०१२) मर्यादा शिशाला १०, कॅडमियमला ३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. तेवढं दिसलं पाहिजे. ६ हजारांत रसायनंही धरलीत.

पारदभक्त: पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड घ्या, विषय संपला. आलेखात धातूंची शिखरं सुईसारखी येतात. बजेट थोडं वाढवा.

बफर_साडेचार: "थोडं" म्हणजे किती भिया? आणि वापरलेला पारा टाकणार कुठे? २००० सालापासून बिस्मथ धातूची पातळ फिल्म आहे की. ३ मिमीचा ग्लासी कार्बन (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनचा इलेक्ट्रोड) ०.०५ मायक्रॉन अल्युमिनावर आठचा आकडा काढत घासा. ०.१ मोलर अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.५, त्यात बिस्मथ ५०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. ढवळत −१.२ व्होल्टला १२० सेकंद, मग ढवळणं बंद करून १० सेकंद, मग स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेज चौकोनी लाटांनी वर नेत प्रवाह मोजणं). कॅडमियम −०.८ च्या आसपास, शिसं −०.५५. दर फेरीनंतर +०.३ ला ३० सेकंद धुऊन काढा, नाहीतर मागचं शिसं पुढच्या नमुन्यात दिसतं.

पारदभक्त: तांबं आलं की बिस्मथची रडारड सुरू.

बफर_साडेचार: खरंय, तांबं जास्त असलं की शिशाचं शिखर दबतं. ०.१ मिलिमोलर फेरोसायनाइड घाला. आणि घरच्या तांब्याच्या कळशीतला नमुना घेऊ नका!

नॅफियनवाली: फिल्मच्या आधी नॅफियन (इलेक्ट्रोडवर पातळ संरक्षक थर देणारं पॉलिमर) लावा. १ टक्का द्रावण, ५ मायक्रोलिटरचा एकच थेंब, झाकून वाळवा. साबणपाणी मुरलेल्या बोरिंगला हाच उपाय. थर जाड झाला तर शिखर पसरट होतं.

१८०_फूट: ते सगळं नंतर. आधी मोटर १० मिनिटं चालू द्या, पितळी नळातलं साचलेलं पाणी भरू नका. बाटल्या १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर. *आधी* ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, *मग* आम्ल घाला. उलट केलं तर गाळातला धातू विरघळतो आणि तुम्ही त्याला "विरघळलेला" म्हणून मोजता. बफर घातल्यावर पीएच पुन्हा बघा.

पारदभक्त: पारा घेतला असता तर एवढी कसरत नसती.

१८०_फूट: बाटल्या पाऱ्यालाही धुवाव्याच लागतात, भिया.

बफर_साडेचार: कॅलिब्रेशनची रेघ (शिखराची उंची म्हणजे किती धातू, हे ठरवणारी) वेगळ्या पाण्यात काढू नका, माहीत असलेल्या मात्रेचं प्रमाण द्रावण त्याच नमुन्यात घाला. १० मिलिलिटरच्या सेलमध्ये १ मिलिग्रॅम प्रति लिटरचं ५० मायक्रोलिटर, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरची वाढ. असं तीनदा.

शेव_जास्त_घाला: सगळ्यांचे आभार. खजुरी बाजारातून क्लच पेन्सिलीच्या ०.५ मिमी एचबी लीडची (शिसं नव्हे, ग्राफाइटची कांडी) डबी आणली. बिस्मथ तिच्यावरच.

नॅफियनवाली: अरे देवा. दर लीड किती बुडवणार? क्षेत्रफळ बदललं की शिखरही बदलणार.

शेव_जास्त_घाला: वर बिनरंगी नेलपॉलिश, खाली १० मिमी उघडं. दर नमुन्याला नवी लीड, आणि प्रमाण द्रावण त्याच लीडवर.

१८०_फूट: लीड धरणाऱ्या क्लच पेन्सिलीची धातूची चोच पाण्याला लागू देऊ नका. नमुना न घालता कोऱ्या बफरची फेरी आधी.