पाण्याची लाइन नाही तिथे नवी बांधकाम परवानगीही नको: समाविष्ट गावांपुरतं तरी हे व्हावं का?

सिंहगडरोडवाली:
मुद्दा सरळच मांडते. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. आज धायरी, नऱ्हे, किरकटवाडी घ्या, नाहीतर पलीकडे वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे घ्या. रस्त्याला लागून टॉवर आणि टॉवरच्या गेटवर टँकर. नवे प्रकल्प मात्र येतच आहेत. माझं म्हणणं असं की ज्या भागात जलवाहिनी आणि मैलापाण्याची लाइन पोचलेली नाही, तिथे नव्या बांधकामाला परवानगी देऊ नका. ज्या इमारती उभ्या राहिल्यात त्यांना नळजोड मिळेपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी) देऊ नका.

आज "पाणी कुठून देणार?" या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर भागतं. बिल्डर हमीपत्र देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वखर्चानं पाणी पुरवीन. कागद फायलीला लागतो. सोसायटी रजिस्टर झाली, कारभार हातात आला, की तो मोकळा आणि टँकरचं बिल आपल्या मेंटेनन्समध्ये. आमच्याकडे अगदी हेच झालं.

हिशेब करून बघा. ३०० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला १ लाख ६२ हजार लिटर झाले. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज १६ खेपा, त्याही एकाच सोसायटीच्या. आमच्या गल्लीत दोन टँकर समोरासमोर आले की एकाला रिव्हर्स घेत पार किराणा दुकानापर्यंत मागे जावं लागतं आणि तेवढ्यात मागे स्कूलबस येऊन थांबलेली असते. वाहतूक कोंडी का होते याचा अभ्यास करायला वेगळा सल्लागार कशाला हवा?

२०२५च्या जानेवारीत जीबीएसची (नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली ती याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी. विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून गावांना दिलं जात होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतंच. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर. साथीनंतर खाजगी आरओ प्लांटना सील लागलं, टँकरवाल्यांना क्लोरीनची सक्ती झाली. या भागात आणखी किती माणसं आणायची, हा विषय मात्र कुणी काढल्याचं मला दिसलं नाही.

गोम नियमातच आहे. डिसेंबर २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, ठरतो तो समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. मूळ १.१, आणि ३० मीटरचा रस्ता असेल तर प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) धरून ३ पर्यंत. पाण्याच्या पाइपाची रुंदी कुणी विचारत नाही.

ईएमआयचाबळी:
ताई, भोगवटा थांबवा म्हणजे नक्की कुणाला थांबवा? बिल्डरनं ताब्याच्या आधीच ९५ टक्के रक्कम उचललेली असते. अडकतो मी. इकडे भाडं, तिकडे हप्ता. मग माणूस कंटाळून ओसीविनाच राहायला जातो. ओसी नसलेल्या इमारती पुण्यात शोधायला दुर्बीण लागत नाही.

आणि मी नऱ्ह्यात घर बुक केलं ते टँकरची हौस म्हणून नाही. कोथरूड परवडत नाही, वारज्यात जुनं घर घ्यायचं तरी आकडा ऐकून पोटात गोळा येतो. नवीन घरं येणं थांबलं तर आहेत त्यांचे भाव चढणार. त्यात तुमच्या फ्लॅटचाही भाव आला. हे तुमच्या हिशेबात कुठे दिसलं नाही.

सिंहगडरोडवाली:
मला विकायचा नाही, त्यामुळे भाव चढून काय करू? टँकरचे पैसे चढतात तेवढे मला कळतात. बांधकाम चालू असलेल्यांचा भोगवटा अडवायचा की नाही यावर वाद घालू. पण ज्या प्लॉटवर अजून जेसीबीही लागला नाही त्याला प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) का द्यायचं, हे सांगा.

गावठाणातला:
मी सांगतो. तो प्लॉट आमचा आहे म्हणून.

आपली पोळी भाजून झाली की चूल विझवायची, असं चाललंय तुमचं. तुम्ही आलात तेव्हा पाण्याची लाइन होती का? नव्हती. तेव्हा परवानगी चालली. आता शेजारच्या वावरात इमारत उभी राहायला लागली तर लगेच पर्यावरण आणि नियोजन आठवलं. माझ्या चुलत्याची ३० गुंठे जमीन राहिलीय. दोन्ही पोरांची लग्नं, एकाचा धंदा, सगळं त्यावर. ऊस लावायचा म्हटलं तर कालव्याच्या वितरिकेवर इमारती झाल्या, पाणी येत नाही. बांधायचं म्हटलं तर तुम्ही बंदी मागता. मग करायचं काय, क्रिकेटचं टर्फ टाकायचं?

रस्त्याचंही बोलतो. रस्ता का होत नाही, तर म्हणे शेतकरी जागा देत नाहीत. रोख मागितली की टीडीआर घ्या म्हणतात. टीडीआर विकायला बिल्डरच्या दारात जावं लागतं आणि भाव तो ठरवतो. कात्रज-कोंढवा रस्त्याचं भूमिपूजन २०१८ला झालं. ८४ मीटरचा रस्ता भूसंपादनापायी ५० मीटरवर आणला, तरी रखडलाच. लोकांची जमीन कागदावर रंगवायला सोपी असते.

आणि शेतकऱ्याला नियोजन कळत नाही हे तर मुळीच सांगू नका. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून ४०० एकरांवर वसाहत उभी केली. जमीन विकून मोकळे झाले नाहीत, कंपनीत भागीदार झाले. रस्ते आधी, इमारती नंतर.

ईएमआयचाबळी:
मगरपट्ट्याचा दाखला सगळे देतात, पण तशी दुसरी वसाहत किती ठिकाणी झाली? एकाच भावकीचा शब्द चालत होता म्हणून ते जमलं. आमच्या भागात चार भावांचा सातबारा वेगळा करायला पिढी जाते.

साइटवरचा:
वीस वर्षं बांधकामावर आहे, म्हणून एक विचारतो. परवानगी बंद केली की बांधकाम बंद होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

परवानगी लागते ती मोठ्या प्रकल्पाला, कारण त्याला बँकेचं कर्ज आणि रेराचा (गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर हवा असतो. गुंठ्यावाल्याला काहीच नको. दोन गुंठ्यांत सहा मजले. जिना इतका अरुंद की फ्रिज दोरानं बाल्कनीतून वर घ्यावा लागतो. शेजारच्या इमारतीत आणि आपल्यात दीड हाताचं अंतर, मधून ड्रेनेजचा पाइप, आणि त्याच पाइपाला खेटून बोअर मारलेलं. जोत्यापर्यंत काम आल्यावरची पालिकेची तपासणी नाही, पार्किंग नाही, अग्निशामकची गाडी वळणार नाही. पालिकेला एक रुपया शुल्क नाही. पाणी मात्र तितकंच लागतं आणि मैला तितकाच नाल्यात जातो.

कायदेशीर बांधकाम दोन वर्षं थांबवा. गिऱ्हाईक थांबत नाही, ते या इमारतींत जातं. स्वस्त मिळतं, लगेच मिळतं. २०१६ साली बाणेर-बालेवाडीत पाण्याच्या टंचाईवरून उच्च न्यायालयानं नव्या परवानग्या रोखल्या होत्या. आज जाऊन बघा बालेवाडी. एक मजला तरी कमी झाला का?

घोडबंदरकर:
आमच्याकडेही तेच. २०१७ साली ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडला, पाणी नाही म्हणून हायकोर्टानं नव्या बांधकामांना रोख लावला होता. पुढे तो शिथिल झाला आणि इमारती जोमात सुरू झाल्या. तरी मी बंदीच्याच बाजूनं आहे. कारण एरवी पाण्याचा आकडा विचारला की "योजना प्रस्तावित आहे" एवढंच उत्तर मिळतं. कोर्टात प्रतिज्ञापत्रावर आज किती पाणी आहे आणि उद्या किती येणार, ते लिहून द्यावं लागतं. बंदी दोन महिने टिकली तरी चालेल, तो आकडा हातात येतो.

साइटवरचा:
आकड्यानं आंघोळ होत नाही साहेब.

दौंडकर:
तुमची सगळ्यांची भांडणं वाचली. पाणी येणार कुठून ते एकानंही विचारलं नाही. लाइन टाकली की पाणी येतं अशी समजूत दिसते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातून पुणं पितं आणि त्यातूनच मुठा उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. पाटबंधारे खात्याचा पुण्यासाठीचा जुना मंजूर कोटा साडेअकरा टीएमसीचा, आणि शहर उचलतं त्याहून कितीतरी जास्त. दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत ओढाताण होते आणि उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, एकाचं दोन होईल का म्हणून आम्ही वाट बघतो. पुण्यातल्या नव्या टॉवरचं हमीपत्र तुम्हाला दिसतं. त्या टॉवरसाठी आमच्याकडून कुणी सही घेतली का?

बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या पंपाच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं साडेसहा टीएमसी सांडपाणी कालव्यात सोडायचं ठरलं होतं. त्या पाण्याचा फेस बघायला एकदा या. जनावरं तोंड लावत नाहीत. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत कालव्याऐवजी बोगदा होणार, गळती आणि चोरी थांबून दोन टीएमसीच्या वर पाणी वाचणार म्हणतात. वाचलेलं पाणी कुणाला? माझी पैज आहे, ते वाघोलीच्या जाहिरातीत दिसेल.

ईएमआयचाबळी:
दादा, तुमच्या गावची पोरंही नोकरीला पुण्यातच येतात ना? ती राहणार कुठे?

दौंडकर:
येतात की. माझा पोरगा मांजरीत राहतो, भाड्यानं. त्याच्याकडेही टँकरच येतो.

फायलीतलामाणूस:
पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालोय, म्हणून पैशाची बाजू सांगतो. बांधकाम परवानगी हे पालिकेच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक आहे. विकास शुल्क, प्रीमियम एफएसआय, पूर्वी जिना-पॅसेजचं अधिमूल्यही. हे सगळं एका तिजोरीत पडतं आणि त्यातून कुठे उड्डाणपूल होतो, कुठे सुशोभीकरण. ज्या गावानं हा पैसा दिला त्या गावात तो खर्च करा, असं कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे "परवानग्या थांबवा" हे ऐकायला कुठल्याच आयुक्ताला आवडणार नाही.

२३ गावांत आणखी एक गंमत झाली. २०२१ला गावं आली पालिकेत, पण त्यांचं नियोजन आणि परवानग्या सरकारनं पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवल्या. म्हणजे शुल्क घेणारं ऑफिस एक आणि पाणी, कचरा, ड्रेनेज बघणारं दुसरं. ज्याच्या खिशात पैसे आले त्याच्या दारात हंडामोर्चा जात नाही. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ला जाहीर झाला, हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ला सरकारनं तो आराखडाच गुंडाळला. दरम्यान इमारती आराखड्यासाठी थांबल्या नाहीत. त्यात निवडणुकीच्या तोंडावर समाविष्ट गावांतल्या मिळकतकराच्या वसुलीला स्थगिती. कर नको आणि पाणी हवं, हे गणित मी नोकरीत असतानाही मला सुटलं नाही.

म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही. शुल्क गावनिहाय वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून पहिला खर्च जलवाहिनी आणि मैलापाण्यावर. खातं रिकामं असेल तर पुढचा प्रकल्प थांबेल, आपोआप.

गावठाणातला:
कर नको कोण म्हणालं? ग्रामपंचायतीच्या काळात जेवढा भरत होतो त्याच्या कैक पट मागितला, आणि सोयी ग्रामपंचायतीच्याच. आधी नळ, मग बिल.

सिंहगडरोडवाली:
वेगळ्या खात्याची कल्पना मला पटली, पण खातं भरेपर्यंत पाच वर्षं जातील आणि तोवर १६ टँकर आमच्याच माथी. म्हणून बंदीच्या जोडीला दुसरी मागणी करते. हमीपत्र हा कागद रद्द करा. त्याऐवजी पाच वर्षांच्या टँकरच्या खर्चाइतकी बँक गॅरंटी बिल्डरकडून घ्या. पाणी आलं की परत. नाही आलं तर त्यातून टँकरचं बिल सरळ वळतं करा. मग बघा, लाइन कधी टाकताय म्हणून बिल्डरच पालिकेच्या पायऱ्या झिजवेल.

ईएमआयचाबळी:
आणि ती गॅरंटी फ्लॅटच्या रेटमध्ये चढवेल.

सिंहगडरोडवाली:
चढवू दे. आज तेच पैसे मी मेंटेनन्समधून भरतेय, आणि ते कधी संपणार हेही माहीत नाही. घर घेताना खरा आकडा दिसला तर निदान ठरवता तरी येईल.

साइटवरचा:
मोठ्या प्रकल्पाला हे चालेल, त्याची ऐपत असते. ४० फ्लॅटवाला लहान बिल्डर मात्र एवढी गॅरंटी भरू शकणार नाही, तो उठून गुंठ्याकडे वळेल. आधी गुंठ्यावर हातोडा, मग गॅरंटी. उलट केलंत तर मी वर लिहिलंय तेच होणार.

घोडबंदरकर:
हातोडा चालवणारा नगरसेवक आजवर तरी पाहिला नाही. गॅरंटी निदान कागदावर होऊ शकते.

गावठाणातला:
चला, सोसायट्यांची सोय लागली. टँकर आला नाही तर बँकेतून पैसे. आमच्या आळीत ५० घरं आहेत, जुनी, कौलारू. तिथे बिल्डर कधी आलाच नाही, त्यामुळे गॅरंटीही नाही आणि मेंटेनन्सही नाही. सार्वजनिक विहीर होती, भोवती बोअर झाल्यापासून मार्चलाच तळ दिसतो. आमची हमी कुणाकडून घ्यायची तेही सांगा.