मदत हवी आहे: आरपीजीतलं पात्र फायटिंग गेममध्ये कसं बसवावं?

मंडळी, मी आणि मित्र मिळून एक छोटा क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकत्र आणणारा) फायटिंग गेम बनवतोय. आमच्याच जुन्या आरपीजीतली (म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममधली) जादूगारीण त्यात पाहुणी म्हणून आणायची आहे. अडचण अशी, की तिची सगळी ताकद आपली पाळी आली की शांतपणे मंत्र निवडण्यात आहे. इथे तेवढी उसंत कुठे!

'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या क्रॉसओव्हर फायटिंग गेममध्ये २०१९ साली आलेल्या, 'ड्रॅगन क्वेस्ट' या आरपीजीच्या हीरोला चार मंत्रांची यादी मिळते. दरवेळी मंत्र बदलतात, प्रत्येकाला एमपी (जादूसाठीचा मर्यादित साठा) खर्ची पडतो. मूळ खेळाची चव राहते, म्हणून मला हे फार आवडतं. पण हरणाऱ्याला ते निव्वळ नशीब वाटतं. त्याच गेममधल्या क्लाउड या पात्राचा लिमिट गेज (खास हल्ल्यासाठी भरावी लागणारी पट्टी) भरताना समोरच्याला निदान सावध होता येतं.

मंत्र ठरलेले ठेवून फक्त एमपी आवळला तर पुरेल का? यादी उघडी असताना तिला हलू द्यावं का? असं पात्र कुणी घडवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.